तुम्ही विचारलंत म्हणून: पाच तास ड्राइव्ह करून ते दुकान कशाला?

इथे अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला आमच्याकडे कुणी आलं की हा प्रश्न ठरलेला, समुद्र सोडून, धबधबे सोडून तू आम्हाला जॉन डे नावाच्या एवढ्याशा गावात का नेतेस? तिथे 'काम वा चुंग' नावाचं जुनं चिनी दुकान आहे, आता त्याचं म्युझियम झालंय, म्हणून.

१८६२ मध्ये त्या भागात सोनं सापडलं आणि मागोमाग चिनी कामगार आले. लुंग ऑन आणि इंग हेय या दोघांनी १८८० च्या दशकात हे दुकान घेतलं. लुंग ऑनचं इंग्रजी फर्डं, त्यामुळे गल्ला नि बाहेरचे व्यवहार त्याच्याकडे, आणि हेय वैद्य. नाडी बघून औषध द्यायचा! गोरे शेतकरी, गुराखी, सगळे यायचे त्याच्याकडे. दगडी भिंती, बारक्या खिडक्या, धुराने काळं झालेलं छत, आणि आत किराणा, देव्हारा, झोपायच्या फळ्या, ५०० च्या वर औषधं, सगळं एकत्रच.

१९४८ मध्ये हेय पडला, हाड मोडलं, पोर्टलंडला नेलं ते परत आलाच नाही, १९५२ मध्ये वारला. पुतण्याने म्युझियम करा म्हणून दुकान गावाला दिलं आणि गाव चक्क विसरलं. १९६७ मध्ये लक्षात आलं की अरे ही जागा आपलीच, कुलूप उघडलं तर आत सगळं जसंच्या तसं. म्हणून मला ते इतकं आवडतं, कुणी सजवून मांडलेलं नाहीये ते.

हेयच्या पलंगाखाली न वटवलेले चेक निघाले, २३,००० डॉलरचे. मंदीत लोकांचे हाल चाललेत हे बघून त्याने ते बँकेत टाकलेच नाहीत म्हणे. आमच्या आजोबांचं दुकान होतं, उधारीच्या वहीतली काही पानं ते कधी उघडायचेच नाहीत, मला तिथे उभं राहिल्यावर तीच वही आठवते.

आणि पत्रं. दोघांच्याही बायका चीनमध्येच राहिल्या, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलेलं, माणसं आणणार कशी? लुंग ऑनला घरून पत्रं यायची, परत ये म्हणून. १९४० मध्ये तो इथेच वारला. माझी आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, कधी येतेयस गं, आणि मी तिकीट तरी काढू शकते.

आतापर्यंत मे ते ऑक्टोबर उघडं असायचं, टूर फुकट असायची, निघण्याआधी एकदा बघून घेऊ. तेव्हा या, मी नेते.