आजींनी चाखून ओतलेलं पाणी

"दादा, गावाहून आलो आणि बघतो तर सगळे कोरल मिटलेत." मे महिना, सकाळचे सात, ठाण्याच्या एका ग्राहकाचा फोन. त्यांची 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मी सांभाळतो. आत झोआ, मशरूम आणि एक मोठा लेदर, सगळे मऊ कोरलचे प्रकार. (कठीण कोरल मी कुणालाच लावून देत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच यादीत आहेत, म्हटलं की लोक हसतात.)

पोचलो. झोआंच्या मुठी गच्च आवळलेल्या, लेदर सुकल्या चिंचेसारखा. क्लाउनफिश मात्र मजेत. नायट्रेट ठीक, तापमान 26. अल्कलिनिटी 9.6, कॅल्शियम 500, मॅग्नेशियम 1550. वहीत मागच्या भेटीचे आकडे होते 8, 420, 1300. एखादाच आकडा चढला असता तर डोसिंगवर, म्हणजे वरून घालायच्या खनिजांच्या मापावर, संशय घेतला असता. इथे तिन्ही सारख्याच पटीत वर. म्हणजे मीठ!

खारटपणा मोजायच्या नळीच्या, रिफ्रॅक्टोमीटरच्या, काचेवर थेंब टाकला, झाकण मिटलं, खिडकीकडे धरून पाहिलं. निळ्या-पांढऱ्याची रेघ 35 वर हवी (हजार भागांत 35 भाग मीठ), ती 42 वर.

टाकीवर पंखा असल्याने रोज तीन-साडेतीन लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. म्हणून भर घालायची ती आरओ-डीआय फिल्टरमधून गाळलेल्या बिनमिठाच्या पाण्याची. त्याचा ड्रम टाकीशेजारी, आणि त्याच्याशेजारी पाणी बदलायला कालवलेल्या खाऱ्या पाण्याचा, हुबेहूब तसाच. घरचे बारा दिवस गावी होते, टाकी आजींच्या हवाली. त्या मालवणच्या.

"दोन्ही पाण्यांची चव घेतलंय," त्या म्हणाल्या. "दर्यातली जनावरां ती. तेंका गोडा पाणी कसा घालूचा?"

हिशेब केला: चाळीसेक लिटर, म्हणजे जवळपास दीड किलो मीठ जादा. आजींना काय बोलणार? दोन्ही ड्रमांवर नाव घालायचं काम माझं होतं, ते मीच केलं नव्हतं.

खारटपणा एका दमात उतरवला तर कोरलना दुसरा धक्का. रोज नऊ-दहा लिटर काढून तेवढंच बिनमिठाचं पाणी हळूहळू सोडायचं, दिवसाला 2 पेक्षा जास्त उतार नाही. चार दिवस रोज गेलो. चौथ्या दिवशी 35 आलं, कडेचे दोन-तीन झोआ किलकिले झाले. लेदरने आठवडा घेतला.

त्या दिवशी मार्कर घेऊनच गेलो होतो. पण ड्रमावर आजींनी आधीच खडूने लिहून ठेवलं होतं: अळणी.