सूरमाग : माग कल्पित, हिशेब खरा

विज्ञानकथांत संगीतावर चालणारी यंत्रे पुष्कळ भेटतात. कुणी आलाप घेतो नि दार उघडते, कुणी तार छेडतो नि विमान उडते. वाचायला मजा येते. पण सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे मागांच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी तोंड न्यावे लागते, तिथल्या वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : या यंत्राला सूर ऐकू कसा येतो?

म्हणून असले यंत्र सोलापुरी चादरीच्या मागावरच बसवून पाहू. नाव ठेवू सूरमाग. पेटीवर सूर धरला की बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग बदलतो, एवढेच त्याचे काम. माग कल्पित आहे; पण त्याचा प्रत्येक सुटा भाग बाजारात मिळणारा हवा आणि प्रत्येक आकडा कागदावर जुळायला हवा.

आधी ताकदीचा विषय संपवून टाकू. आवाजाने माग फिरणार नाही. कान दुखावणारा १२० डेसिबलचा आवाज घेतला तरी एका चौरस मीटरवर जेमतेम १ वॉट शक्ती पडते. साध्या मागाची मोटर १ अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॉटची धरा. तेवढ्यासाठी ७४६ चौरस मीटरचा पडदा लागेल, तोही एक कणही वाया न घालवणारा. म्हणजे मागाला फिरवायचे काम वीजच करणार. सुराने फक्त हुकूम द्यायचा.

हुकूम देण्याची कल्पना काही नवी नाही. फ्रान्समधल्या व्होकान्सनने १७३८ मध्ये बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा लोकांसमोर मांडला, आणि पुढे त्यानेच आपोआप नक्षी विणणाऱ्या मागावर काम केले. त्या वाटेवर १८०४ मध्ये जॅकार्डचे यंत्र आले. आज चादरीवरचा मोर ज्या भोकांच्या कार्डांमुळे उमटतो, त्या कार्डांचे वाजत्या यंत्रांशी असे जुने नाते आहे.

आता सूरमागाला काय करू द्यायचे ते ठरवू. जॅकार्डचे, उभे धागे उचलणारे शेकडो हुक सुरांनी उचलायचा मोह टाळा. एका फेऱ्यात, म्हणजे एका बाण्यामागे, शेकडो होय-नाही ठरवायचे असतात आणि पेटीवर दहाच बोटे असतात. नक्षी कार्डांकडेच राहू दे. सुराकडे द्यायचा तो ड्रॉप बॉक्स, म्हणजे वर-खाली सरकणारा धोट्यांचा कप्पा. एका बाजूला चार खणांचा बॉक्स, त्यात बाणा घेऊन इकडून तिकडे धावणारे चार रंगांचे चार धोटे. दुसऱ्या बाजूला एकच खण. चार रंग, चार सूर.

कोणते चार? इथे संगीत कळणारा माणूस लागतो. सहज सुचणारी निवड सा, ग, प, नी. ती फसते. पेटीच्या रीडमधून मूळ कंपनाबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनेही निघतात. पट्टी काळी एक धरली तर मध्य सा २७७ हर्ट्झचा. पेटीत खर्जाचा रीड उघडा असेल तर त्याच पट्टीवर १३८.६ हर्ट्झचा मंद्र सा बोलतो, आणि त्याची तिप्पट होते ४१६, म्हणजे जवळजवळ नेमका मध्य पंचम. तुम्ही सा दाबता, यंत्राला सा आणि प दोन्ही दिसतात. ग आणि नीचे तेच, रे आणि धचे तेच. षड्ज-पंचम भाव असलेली, म्हणजे एक सूर दुसऱ्याचा पंचम असलेली, जोडी हुकुमांत नको, हा नियम. मग सा, रे, ग, म ही ओळीतली चौकडी उत्तम : २७७, ३११, ३४९ आणि ३७० हर्ट्झ. एकातही दुसऱ्याचा पंचम नाही. खर्जाचा स्टॉप तरीही बंदच ठेवा.

सर्वांत जवळची जोडी ग आणि म, अंतर २१ हर्ट्झ. ते ओळखायला किती वेळ ऐकावे लागते? सेकंदाला १६,००० नमुने घेतले आणि २०४८ नमुन्यांचा तुकडा तपासला तर एक तुकडा १२८ मिलिसेकंदांचा होतो आणि वारंवारितेची एक पायरी ७.८ हर्ट्झची. हॅन खिडकी (तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर आणणारी गणिती युक्ती) लावली की शिखर दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन पायऱ्या पसरते, म्हणजे १५.६ हर्ट्झ. ग आणि म सुटे दिसतात. घाई करून १०२४ नमुने घेतले तर हाच पसारा ३१ हर्ट्झचा होतो आणि दोघे एकमेकांत मिसळतात. लागोपाठ दोन तुकड्यांत तोच सूर सापडला तरच हुकूम मानायचा. याचा आणखी एक फायदा : सेकंदाला आठ सुरांची तान आली तरी कुठलाही सूर तेवढा टिकत नाही, त्यामुळे तानेने रंग बदलत नाही. ठेहराव घेतला तरच बदलतो. गाण्याच्या दृष्टीनेही हेच शोभते.

मायक्रोफोन वापरू नका. पेटीच्या लाकडाला आतून २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनाची वीज करणारी) चिकटवा, तिच्या दोन टोकांत १ मेगाओमचा रेझिस्टर, पुढे ऑप-अँपचा बफर (क्षीण संकेत न बिघडवता पुढे देणारा) आणि मग ईएसपी३२ हा छोटा संगणक-चिप. पिझोची तार जाळीवाली घ्या, नाहीतर मोटरचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट आत शिरतो. पेटी शेडबाहेरच्या खोलीत ठेवा, खाली दुहेरी घडीची चादर अंथरून. फरशीतून येणारा धक्का त्यात जिरतो. खोली वेगळी हवी याला दुसरेही कारण आहे. शेडमधली कापसाची तूस रीडवर बसते, रीड जड होतो आणि सूर उतरतो. जास्त बसली तर रीड मुकाच होतो. बासरीचा विचारही करू नका. नळीतली हवा २० अंशांची ४२ अंश झाली तर बासरी ६० सेंटहून जास्त चढते, म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधल्या (१०० सेंटच्या) अंतराच्या निम्म्याहूनही पलीकडे. फुंकरीमुळे हा फरक थोडा कमी होतो, पण सोलापूरचा मे महिना उरलेला हिशेब पुरा करतो.

सूर ओळखल्यावर ईएसपी३२ ने मॉसफेटमार्फत (विजेच्या स्विचमार्फत) २४ व्होल्टचा सॉलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडा ओढणारे चुंबक, ओढायचा. सॉलेनॉइडने बॉक्स उचलायचा नाही, फक्त निवडीची खिट्टी सरकवायची. उचलायचे काम मागाच्या शाफ्टचे. सॉलेनॉइडला उलटा डायोड लावा आणि त्याचा वीजपुरवठा वेगळा ठेवा. एकाच पुरवठ्यावर दोन्ही चालवले तर प्रत्येक खटक्याला ईएसपी३२ नव्याने सुरू होतो आणि रंग भलताच लागतो. सा वरून थेट म वर उडी मारली की बॉक्स तीन खण एकदम सरकतो आणि आदळतो. ज्या दोन रंगांची अदलाबदल सतत होते ते शेजारच्या खणांत भरा.

आता खरी गोम. ताल कोण धरणार? कथांमध्ये गाणारा लय वाढवतो आणि यंत्र मागोमाग धावते. मागाला ते जमत नाही. मोटरचा वेग ठरलेला, आणि धोटा फेकणारा फटका त्याच वेगाशी बांधलेला. व्होल्टेज पडले की धोटा पलीकडे पोचत नाही, हे मागवाल्यांना सांगायला नको. वेग वाढला तर धोटा खणात आदळून मागे उसळतो. म्हणून सूरमागात माग हाच तबलजी. क्रँकच्या चाकावर एक बोल्ट, त्यासमोर धातू जवळ आला की कळवणारा इंडक्टिव्ह सेन्सर (प्रकाशाचा सेन्सर नको, तूस त्याला आंधळा करते), आणि पेटीवाल्यासमोर प्रत्येक फेऱ्याला लुकलुकणारा दिवा. मिनिटाला १२० फेरे म्हणजे अर्ध्या सेकंदाची मात्रा. मध्यलयीचे तीनताल त्यात आरामात बसते.

मग कापड आणि ताल यांचा हिशेब मजेदार होतो. समजा इंचात ३६ बाणे आहेत. तीनतालाच्या एका आवर्तनात १६ बाणे, म्हणजे सव्वाअकरा मिलिमीटर कापड. मिनिटाला २० मात्रांचा विलंबित एकताल घेतला तर आवर्तन ३६ सेकंदांचे, ७२ बाणे, बरोबर दोन इंच. ९० इंचांची चादर २७ मिनिटांत उतरते. एक ख्याल निवांत मांडायला एवढा वेळ पुरतो.

पण रूपक घेतला की गडबड. चार खणांचा बॉक्स एकाच बाजूला असल्याने धोटा घरी परत येतो तो दर दुसऱ्या फेऱ्याला. रंग फक्त तेव्हाच बदलता येतो. तीनताल १६, एकताल १२, झपताल १०, केहरवा ८, दादरा ६ : सगळे सम आकडे, दर समेला धोटा घरी. रूपक ७ मात्रांचा. एका समेला धोटा घरी, पुढच्या समेला पलीकडे. समेवर धरलेला सूर एक मात्रा उशिरा लागू होतो आणि नक्षीतला पट्टा एकाआड एक जाड-बारीक दिसतो. उपाय दोन : रूपकाची दोन आवर्तने मिळून १४ मात्रांचा एक घास धरायचा, किंवा दोन्ही बाजूंना चार खणांचा माग घ्यायचा. पहिला उपाय स्वस्त.

दिव्याकडे न बघता पेटीवाला १२५ च्या लयीत गेला तर मिनिटाला पाच मात्रांचा फरक पडतो, आणि सहा सेकंदांतच समेचा सूर अर्ध्या मात्रेने सरकतो. हुकूम वाया जात नाही, पण पट्टा सरकलेला निघतो. म्हणून आलेला सूर ईएसपी३२ ने साठवून ठेवायचा आणि सेन्सरने धोटा घरी आल्याचे सांगितले की मगच खिट्टी ओढायची.

पेटी थांबली तर माग थांबावा का? कथेत छान वाटते, कापडाला वाईट. थांबून पुन्हा सुरू झालेल्या मागाची आडवी रेघ चादरीवर दिसते. शांतता म्हणजे मागचा रंग चालू, एवढाच अर्थ ठेवा. बाणा तुटल्यावर थांबवणारा काटा, धोटा अडकल्यावर थांबवणारी यंत्रणा आणि हँडल हे सगळे होते तसेच यांत्रिक राहू द्या. माणसाचा हात जिथे असतो तिथे सुरावर विसंबायचे नाही.

राहिली काठावरची अक्षरे. चादरीच्या काठावर उत्पादकाचे नाव विणतात, आणि तिथे मधेच रंग बदलला तर अक्षर तुटते. जॅकार्डचा एक मोकळा हुक यासाठी राखा. नावाच्या कार्डांवर त्याचे भोक पाडा. हुक उचलला की मायक्रोस्विच उघडतो आणि सॉलेनॉइडला वीज मिळत नाही. हा स्विच २४ व्होल्टच्या तारेतच घाला, प्रोग्रॅमवर सोडू नका. प्रोग्रॅम अडकला तरी नाव शाबूत उतरते.