ड्रेस्डेनमधलं एक सेमिस्टर: आधी सांगते, शनिवारी पोचू नका

शनिवारी पोचू नका. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मी २८ सप्टेंबर २०२४ ला जर्मनीतल्या ड्रेस्डेनला उतरले, तो शनिवार होता. मुंबईहून मध्यरात्रीचं विमान, सकाळी फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने ड्रेस्डेन. दोन बॅगा ओढत दुपारी हॉस्टेलच्या दाराशी पोचले, तर दार बंद. खोलीची किल्ली हाउसमाइस्टर देतो आणि तो सोमवार ते शुक्रवारच असतो. मेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, अगदी शेवटच्या ओळीत. ती ओळ मी वाचली नव्हती. हाउसमाइस्टर म्हणजे आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी, प्लंबर आणि वॉचमन एकाच माणसात. फरक इतकाच की त्याला फोन करून 'काका, जरा बघा ना' म्हणता येत नाही. दोन रात्री स्टेशनजवळच्या स्वस्त लॉजमध्ये काढल्या. रविवारी सगळी दुकानं बंद, म्हणून आईने दिवाळीपर्यंत पुरवायला दिलेला चिवडा दीड दिवसात संपला. रविवारी स्टेशनच्या आतली दुकानं उघडी असतात, हे मला सोमवारी कळलं.

मी मुंबईत सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार आहे. फी इथेच भरायची, तिथे फक्त सेमिस्टरची वर्गणी. त्या वर्गणीत शहरातली बस-ट्राम फिरायचा पासही येतो. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, त्यानंतर परीक्षा. ऐकायला सहा महिने असले तरी त्यातला पहिला महिना कागदांत जातो आणि शेवटचाही. मधले चार हातात राहतात. म्हणून जो कागद मुंबईत होऊ शकतो तो मुंबईतच संपवा. तिथे गेल्यावर इथली एक सही मिळवणं हे तिथली दहा कामं करण्यापेक्षा कठीण आहे, हे मी सोसून सांगतेय.

ती सही म्हणजे लर्निंग अॅग्रीमेंटची. तिथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते माफ होणार, याचा हा करार. मी पाच विषय लिहून, विभागप्रमुखांची सही घेऊन, निवांत गेले. तिथे पोचल्यावर कळलं की एक विषय त्या सेमिस्टरला नाहीच आणि दुसरा जर्मनमधून शिकवतात. नवे विषय मिळाले, पण त्यांना इथून पुन्हा सही हवी. सर रजेवर, ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, 'सर आले की बघू.' तीन आठवडे मी रोज सकाळी मेल पाठवत होते. मेल पोचायची तेव्हा आपल्याकडे जेवायची सुट्टी चालू असायची, तेही कारण असेल. तेव्हा पाचाच्या जागी आठ-नऊ विषय लिहा आणि पर्यायी विषयांवरही आधीच सही घेऊन ठेवा. तिथे पूर्ण सेमिस्टर म्हणजे ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास अभ्यास धरलेला असतो. लेक्चरं कमी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, राहिलेले तास लायब्ररीत बसून भरायचे असतात.

पैशांचं सांगते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. माझ्या वेळी, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, महिन्याला ९९२ युरो असा दर होता. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो झाले, रुपयांत साधारण साडेपाच लाख. बाबांनी एक एफडी मोडली. तेव्हा वर्षाला ७ लाखांपर्यंत बाहेर पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे बँक पाठवतानाच घेते तो कर, कापला जात नव्हता, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. पैसे दोन खात्यांतून पाठवत असाल तर कोणाच्या पॅनवर किती जातायत ते बघा. हे पैसे तिथे पोचल्याबरोबर हातात येत नाहीत. तिथलं बँक खातं सुरू झालं की मग महिन्याला एक हप्ता सुटतो. मला पहिला हप्ता मिळायला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि अनामत, पहिलं भाडं, सेमिस्टरची वर्गणी हे सगळं त्याच तीन आठवड्यांत भरायचं होतं. फॉरेक्स कार्डावर हजार युरो तरी वेगळे ठेवा.

व्हिसाची फी ७५ युरो होती. मात्र पासपोर्ट परत आला की आधी शेवटची तारीख बघा, फोटो कसा आलाय ते नंतर. परीक्षा फेब्रुवारीत, कधी मार्चमध्येही असतात. व्हिसा ३१ मार्चपर्यंतचा मिळाला तर तिथे मुदत वाढवायला परत रांगेत उभं राहावं लागत नाही. माझा मिळाला होता.

जर्मन शिकून जा. माझे सगळे वर्ग इंग्रजीत होते, तरीही सांगते. मी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, केलं होतं, त्याचा उपयोग वर्गात शून्य आणि पत्रपेटीपाशी शंभर टक्के झाला. तिकडे अजून सगळं पोस्टाने येतं. बँकेचा पिन, टॅक्सचा नंबर, विम्याचं कार्ड, सगळं जर्मनमध्ये आणि पाकिटातून. आणि पत्रपेटीवर तुमच्या नावाची पट्टी नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. पहिल्या दिवशी खोलीत सामान टाकायच्या आधी ती पट्टी चिकटवा. आपल्याकडे पोस्टमनकाका 'कोणाची गं तू?' विचारून पत्र हातात देतात, तसलं काही तिथे होत नाही.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं, म्हणजे आमच्या बाबतीत हॉस्टेलचं, सही केलेलं पत्र लागतं आणि आधी घेतलेली वेळ. ही वेळ म्हणजे टर्मिन. हा शब्द तुम्ही दिवसातून पाच वेळा ऐकाल. टर्मिन मुंबईत बसूनच ऑनलाइन घ्या, कारण ऑक्टोबरात सगळ्या शहरात नवे विद्यार्थी एकदम येतात. पत्ता नोंदवला की थोड्या दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६ युरो. मला ते फसवणुकीचं पत्र वाटलं आणि मी केरात टाकलं. टाकू नका. फ्लॅटमध्ये चौघं राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याला वाटा द्यायचा.

खाण्याबद्दल आया जास्त विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगते. मसाला आई लालबागहून दळून आणते, तो सीलबंद करून नेला, काही अडचण आली नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा बॅगेत नको. सुकट, बोंबीलही मी नेले नाहीत, वासावरून सहप्रवाशांनीच पकडून दिलं असतं. ताज्या कढीपत्त्याला प्रमाणपत्र लागतं, तेव्हा वाळवून न्या. गंमत म्हणजे ज्या मोजक्या फळांना असलं प्रमाणपत्र लागत नाही, त्यांत नारळ आहे. माझ्या आजीने निघताना हातात ठेवलेला नारळ मी तसाच नेला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. कुकर न्याल तर सपाट बुडाचा न्या, तिथे गॅस नसतो, काचेची शेगडी असते. आणि मोहरीची फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी. धुराचा भोंगा वाजला की अख्खा मजला खाली उतरतो. माझ्यामुळे एकदा उतरला होता, नोव्हेंबरात, थंडीत, चपला घालून. त्यानंतर आठवडाभर जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला 'करी?' विचारायचा. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, तीन-चार युरोंत पोटभर मिळतं. शाकाहारी रोज असतं, चवीची अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यात जास्त शिकले ते पुलावरून. मी जायच्या अडीच आठवडे आधी, ११ सप्टेंबरच्या पहाटे, एल्ब नदीवरच्या कारोला पुलाचा ट्रामचा भाग नदीत कोसळला होता. शेवटची ट्राम थोड्याच मिनिटांपूर्वी पलीकडे गेली होती, कोणाला काही झालं नाही. पूल १९७१ चा, आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजून कमकुवत झालेल्या. मी पार्ल्याची. अंधेरीचा गोखले पूल पूर्ण बंद होता ते सव्वा वर्ष मी बसमध्ये काढलंय. नवा बांधला तर तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाच्या पातळीलाच लागेना, हेही पाहिलंय. त्यामुळे पहिल्याच लेक्चरला सरांनी कारोलाचा फोटो लावला तेव्हा वर्गात मला एकटीला घरच्यासारखं वाटलं. चहाच्या सुट्टीत मी गोखले पुलाची गोष्ट सांगितली. पातळीच्या फरकाचा भाग एका जर्मन मुलाला खोटा वाटला, फोटो दाखवावा लागला. पुढे त्याच्याबरोबर मी सेमिस्टरचा प्रोजेक्ट केला. जानेवारीत पूल पाडताना तिथे दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला, तेव्हा जवळपास १०,००० माणसं घराबाहेर काढली होती. आमचं हॉस्टेल त्या पट्ट्याबाहेर होतं. आईला मात्र हे मी तीन दिवसांनी सांगितलं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदवलं, असं तिथे नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि हजेरी कोणी घेत नाही म्हणून आठवणही कोणी करून देत नाही. पाचपैकी एका विषयाची मुदत माझी हुकली. आपल्याकडे लेट फी भरून काम होतं, या भरवशावर मी तिथल्या ऑफिसातल्या बाईंकडे गेले. बाई अतिशय गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या. तो विषय मी परत येऊन इथे दिला.

हिवाळ्याचं फार लिहीत नाही. कोट मुंबईत घेऊ नका, तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला मिळतो. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, त्याची तयारी मनाने करायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग घरच्या आणि तिथल्या वेळेत साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक. आई दोन आठवडे चुकीच्या वेळी फोन करत होती. खोली दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून हवेशीर करा, बाहेर शून्य अंश असलं तरी. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामतीतून जातो. बुरशी आपल्याला पावसाळ्यातली माहीत, ती हिवाळ्यात बंद खोलीतही येते हे मला नवीन होतं. त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती आणि त्या दिवशी सॅक्सनी राज्यात धर्मसुधारणा दिनाची सुट्टी असते. पहाटे उटणं लावून अंघोळ केली, दिवस मोकळाच होता. नाताळचा श्ट्रित्सेलमार्क्ट हा बाजार १४३४ पासून भरतो, तो जरूर बघा, पण शनिवार-रविवारी नको. दादर स्टेशनचा पूल बरा. एखाद्या मोकळ्या दिवशी एस-१ लोकल पकडून राथेनला जा आणि बास्टाइच्या कड्यांवर चढा. सेमिस्टर तिकिटात काय काय बसतं ते आधी विचारा.

निघताना आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता रद्द करणं, हे विसरू नका. निघायच्या आधी आठवडाभर करता येतं. त्या कागदाशिवाय विमा बंद होत नाही, रेडिओचं शुल्क बंद होत नाही, आणि मोबाइलचा करार तर मुळीच नाही. गुणपत्रक मागून पोस्टाने आलं, मे महिन्यात. तिथे १.० सर्वांत चांगला आणि ४.० च्या पुढे नापास. आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी माझा १.७ बघितला आणि कळवळून विचारलं, 'दहापैकी का गं?' रूपांतराचं सूत्र छापून सोबत न्या. मी तीन प्रती दिल्या, त्यातली एक फाइलला लागली.

कुकर मी तिथेच ठेवून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात, डाव्या बाजूला. रबराची रिंग सैल झालीय, जो कोणी जाईल त्याने पाच लिटरची नवी घेऊन जा.