सरवा

दुपारी शेंगा सोलत बसलो होतो. एक हातातून निसटली, फरशीवर दोनदा उडाली आणि कपाटाखाली गेली. जाऊ दे, एक शेंग तर आहे, असं म्हणणारी माणसं जगात असतात. मी फूटपट्टी घेऊन पोटावर पालथा पडलो. मला ओलांडून जाणाऱ्यांनी "काय हरवलंय?" असं विचारलं, तर "काही नाही" म्हणालो. या वयात 'शेंग' असं उत्तर देववेना.

ही खोड लागली ती रानात. उन्हाळा संपता संपता भुईमूग निघायचा आणि त्या आठवड्यात घरातलं कुणी कुणाशी धड बोलत नसे. जमीन कडक असली की आऱ्या, म्हणजे शेंगा धरून ठेवणारे देठ, तुटतात. वेल हातात येतो, शेंगा खालीच. म्हणून उपटायच्या आधी हलकं पाणी द्यायचं. ते दिलं की मग दम खायची सोय नाही, कारण उपट्या जातीच्या भुईमुगाला धीर कसला तो नसतोच. दाणा भरलेला आणि वर ओल मिळाली, की जमिनीतल्या जमिनीत मोड काढून मोकळा. आणि तेवढ्यात पाऊस आला तर बघायलाच नको. कोरडं ठेवा, तुटतो; ओलं करा, उगवतो. "जावयावानी पीक हाय," आजी म्हणायची.

काढायचं कधी, हे तीच ठरवायची. एक वेल उपटून झटकायची. माती भुरूभुरू गळायची आणि खाली शेंगांचा झुपका लोंबत राहायचा. एक शेंग फोडून ती दाणा बघतच नसे, टरफलाची आतली बाजू बघायची. पांढरी असली तर अजून थांबा. काळपट डाग पडले की सगळ्यांना हाका. मला मात्र मुळांवरच्या बारीक गाठींचं वेड होतं. हिरव्या वेलाची गाठ नखाने फोडली की आत गुलाबी निघते. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, हे पुढे शाळेत कळलं. तोवर मला वाटे, झाडाला रक्त आहे.

तर सरवा. कितीही निगुतीनं काढलं तरी चार शेंगा मातीत राहतातच, तोच सरवा. आम्ही पोरं खुरपी घेऊन मागून उकरत जायचो. पण बांधालगतच्या दोन तासांना, म्हणजे ओळींना, खुरपं लावायचं नाही, ही आजीची ताकीद. ते सरवा वेचायला येणाऱ्या बायकांचं. मला ते अजिबात पटत नसे. पाणी आम्ही दिलं, खुरपलं आम्ही, पाठ आमची मोडली, आणि शेंगा त्यांच्या?

एका वर्षी मी ते दोन्ही तास गुपचूप उकरले. सदऱ्याच्या ओच्यात ओंजळ-दोन ओंजळ शेंगा घेऊन वळलो, तर आजी बांधावर उभी. बोलली काही नाही. वेल गोळा करायला निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मी परत गेलो आणि सगळ्या शेंगा पुरून आलो. एकेक पुरायला धीर नव्हता, म्हणून एकच खळगा केला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. वाकून पार बांधापर्यंत गेल्या आणि एकजण ओरडली, "अगं बया, हितं तर कुणी ढीग पुरलाय!"

"उंदीर असंल," आजी म्हणाली. "औंदा लई मोठा झालाय."

फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ सालचं एक चित्र आहे. पुढे तीन बायका वाकून गव्हाचा सरवा वेचताहेत. मागे लांब गंजी, गाडी, पिकाची रेलचेल, आणि उजवीकडे अगदी बारीक दिसणारा एक घोड्यावरचा मुकादम. लोक त्या बायकांकडे बघतात. माझं लक्ष घोडेस्वाराकडे जातं, ओळखीचा वाटतो.

कृतज्ञता हा शब्द मी रानात कधी ऐकला नाही. त्या बायकांनी आजीचे आभार मानले नाहीत, आजीनेही कुणाचे मानल्याचं आठवत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, शेंगा निवडायला बस. पण त्या दिवशी जाताना ढीग सापडलेली बाई माझ्याजवळ थांबली. ओटीत हात घातला आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "घे रं, तू बी लई राबलास." ओल्या होत्या, माती लागलेली. मी उकरलेल्याच असणार त्या, दुसऱ्या कुठल्या?

तिला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असो. आता फूटपट्टीही कपाटाखाली गेली आहे.