पाण्याखालची घासाघीस

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांवरून बोटी उचलण्याची घाई सुरू होते, कारण थोड्याच आठवड्यांत पाण्याचा दगड होणार असतो. चार कुटुंबांनी मिळून घेतलेली आमची जुनी पाँटून बोटही (पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट) ट्रेलरवर चढून अंगणात येते आणि उन्हाळाभर पाण्यात दडलेली तिची अ‍ॅल्युमिनियमची दोन लांब नळकांडी उघडी पडतात. परवा दुपारी त्यांच्या मध्यावरच्या तपकिरी पट्ट्यावरून मी सहज नख ओढले. नखाखाली पिवळसर पूड जमली, पट्ट्यावर मात्र साधी रेघही उमटली नाही.

हा पट्टा म्हणजे तळ्याचीच देणगी असते. पाण्यात विरघळलेला चुना, शेवाळ आणि कुजलेल्या पानांतून उतरलेले टॅनिन यांचे पूट चढत जाते, आणि ऐन उन्हात ते धातूवर पक्के बसते. आमच्या मिनेटोंका तळ्यात 2010 साली झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारे पट्टेदार शिंपले, सापडले; बोट बाहेर काढताना चिकटलेले शिंपले आणि पाणवनस्पती काढून टाकणे व बुचे उघडून पाणी सोडणे हे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती घाण दुसऱ्या तळ्यात जाऊ नये, हे कोणालाही पटेल. पण नुसत्या डागाने तळ्याचे काही बिघडत नाही आणि बोटीचेही नाही. आमच्या वेगाला, म्हणजे डब्यातली साबुदाण्याची खिचडी सांडणार नाही इतपत वेगाला, त्याने काडीचाही फरक पडत नाही. तरीही आमच्या भागीदारांपैकी एकाला ही नळकांडी दरवर्षी आरशासारखी हवी असतात, आणि जी वस्तू वर्षातला सगळा चांगला काळ अर्धीअधिक पाण्याखाली काढते ती कोणासाठी चमकवायची, हा माझा प्रश्न दरवर्षी तसाच राहतो.

हा प्रश्न मी विचारावा, हेही जरा विचित्रच आहे, कारण आमच्या घरी आईचा सगळा कटाक्ष कुकरच्या आतल्या बाजूवर असे. पिळून झालेली लिंबाची साल ती कधीच टाकत नसे. ओट्याच्या कोपऱ्यातल्या वाटीत ती साठत जाई आणि वरणभाताचा कुकर लावताना तळाच्या पाण्यात त्यातली एक फोड पडे. एखाद्या दिवशी ती राहिली की कुकर आतून पाण्याच्या पातळीपर्यंत काळा होई, आणि मग आईची चिडचिड अशी काही चाले, की जणू पाहुणे जेवायला न येता कुकरमध्ये डोकावायलाच येणार होते. पितळेची भांडी चिंच लावून लख्ख केली जात, ती फळीवर दिसत तरी. कुकर आतून पाहणारी ती एकटीच होती.

रसायन मात्र दोन्हीकडे तेच. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि डाग त्याच्यावर बसतो. आम्ल लावले की थर आणि डाग दोन्ही सुटतात, खालचा पांढराशुभ्र धातू दिसतो, आणि हवा लागताच तो नवा थर धरू लागतो. पाँटूनसाठी मिळणाऱ्या द्रवांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते. ते सावलीत, खालून वर लावत जावे, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत, आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. लोखंडी तारेच्या घासणीला तर हातच लावू नये, कारण तिचे कण धातूत रुतून बसतात आणि पुढे तिथेच गंज दिसू लागतो. मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या अँब्रोझ वीरेस नावाच्या शेतकऱ्याने 1950 च्या दशकाच्या आरंभी पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या आणि या जातीच्या बोटींची सुरुवात केली. त्या पिंपांना आरशाची चमक असावी अशी अपेक्षा कोणी केली असेल, असे मला वाटत नाही.

काही जहाल द्रवांत मात्र हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, आणि तिथे माझी थट्टा संपते. पाण्यात विरळ केलेले हे आम्ल कातडीला लागले तर लगेच झोंबतेच असे नाही; वेदना कित्येकदा काही तासांनी सुरू होते, आणि तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला भिडलेले असते. उन्हाळी सुट्टीत तासावर पैसे घेऊन बोटी धुणारी कॉलेजची मुले मी पाहिली आहेत: अर्धी चड्डी, पायात चपला, हात उघडे, आणि बाटलीवरची बारीक अक्षरे वाचायला सवड कोणालाच नाही. तसली बाटली आमच्या अंगणात येणार नाही, एवढे मी भागीदारांना बजावून ठेवले आहे; त्यावर मतदान नाही. यंदा पाण्याबाहेर राहणारी पुढची टोके तेवढी व्हिनेगरने पुसून घेतली. उरलेला पट्टा ज्याला पाहायचाच असेल, त्याने उन्हाळ्यात पोहायचा पोशाख घेऊन यावे.