बुधवार, रात्री आठ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी नभोवाणीवर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपली शाळा आणि 'बिनाका गीतमाला', म्हणजे हिंदी चित्रपटगीतांच्या लोकप्रियतेची क्रमवारी लावणारा रेडिओवरचा साप्ताहिक कार्यक्रम, जवळपास एका वयाच्या. तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज सगळ्यांना आठवतो, 'बहनों और भाइयों' ची नक्कलही घरोघरी होते. त्या आवाजामागची मोजदाद आणि कापाकापी मात्र कुणी फारशी सांगत नाही. नभोवाणीच्या धंद्यातल्या माणसाला तीच जास्त मोलाची वाटते.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता कोलंबोहून लागणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळला. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारीच, तिथे गीतमाला सुरू झाली. सयानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. सुरुवातीला अर्धा तास, सात गाणी आणि श्रोत्यांनी पत्रातून कळवायचा क्रम. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. एवढी पत्रं उघडायची, वाचायची आणि त्यांचा हिशेब लावायचा म्हणजे काय, याचा नुसता विचार करून पाहावा.

मग क्रमवारी रेकॉर्डच्या खपावर ठरू लागली. त्यातही खोट होती. एखादी रेकॉर्ड इतकी खपायची की दुकानातला साठाच संपायचा, आणि पुढच्या आठवड्यात त्या गाण्याचा खप शून्य दिसायचा. म्हणजे सगळ्यात लोकप्रिय गाणंच खाली घसरायचं. म्हणून जोडीला श्रोता संघांच्या याद्या घेतल्या गेल्या. दोन्ही आकडे समोर असले की कुठलं गाणं खरंच उतरलंय आणि कुठलं दुकानातून संपलंय, ते कळतं. माझ्या मते सयानींची पत्रकारिता इथे दिसते, निवेदनाइतकीच.

आता वेळेचं गणित. पुढे कार्यक्रम तासाचा झाला आणि गाणी सोळा. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डवरचं गाणं सरासरी सव्वातीन मिनिटांचं धरलं तर सोळा गाण्यांना बावन्न मिनिटं लागतात. उरलेल्या आठ मिनिटांत जाहिराती, पायदानं (गाण्यांचे क्रमांक), नावं आणि गप्पा कशा बसणार? म्हणून गाणी कापावी लागतात. मुखडा आणि एक अंतरा ठेवायचा, अंतऱ्यानंतर मुखडा परत आला की पुढच्या वाद्यवृंदाच्या तुकड्यावर तीन-चार सेकंदांत आवाज उतरवायचा. मधला अंतरा काढायचा असेल तर कट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर हवा. केरवा तालाच्या आठ मात्रांत एक जरी चुकली तरी तबला अडखळतो, आणि ते ताल न शिकलेल्या माणसालाही खटकतं.

हे काम पाव इंच रुंदीच्या चुंबकीय टेपवर व्हायचं. सेकंदाला साडेसात इंच या वेगानं १,२०० फुटांचं स्पूल (टेपचं रीळ) बत्तीस मिनिटं चालतं, म्हणजे तासाच्या कार्यक्रमाला दोन स्पूल लागतात. स्पूल हातानं मागेपुढे फिरवून नेमका ठोका शोधायचा, टेपच्या पाठीवर पिवळ्या ग्रीस पेन्सिलीनं खूण करायची, आणि ब्लेडनं ४५ अंशांत तिरका छेद घ्यायचा. सरळ छेद घेतला तर आवाज एकदम बदलतो आणि सांध्यावर 'टक्' ऐकू येतं. ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरलेलं असेल तर तिरक्या छेदावरही तेच होतं. निवेदकाचा पाव सेकंदाचा श्वास म्हणजे टेपची दोन इंचांहून कमी लांबी. तो सरसकट काढला की बोलणं यांत्रिक वाटतं, म्हणून बहुतेक श्वास ठेवावेत.

गीतमालेचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानानं कोलंबोला जायच्या. त्यामुळे क्रमवारी प्रसारणाच्या बऱ्याच आधी बंद करावी लागे.

तिथून लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) परत येताना आवाजाचे हाल होत. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं पोचत नाही, म्हणून स, श, फ एकमेकांत मिसळतात. शिवाय वातावरणातल्या दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि मध्येच आवाज बुडतो. अशा वेळी छोटी वाक्यं, सोपे शब्द आणि महत्त्वाचं नाव दोनदा, हाच उपाय. सयानींना ही सवय घरातून होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत चालवत, आणि मुलगा त्यात मदत करत असे.

१९८९ साली कार्यक्रम विविध भारतीवर आला. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले.

स्नेहसंमेलनात माइकवर उभं राहणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. गाणं, चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार ही पाच नावं कागदावर लिहूनच माइकसमोर या. गीतकाराचं नाव हमखास गळतं. आणि फक्त रेकॉर्डवरच्या छापील नावावर विसंबू नका. 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी' हे नाव छापलेलं होतं. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, आणि मग लता मंगेशकरांचं नाव सांगितलं गेलं.