अक्षरं सोडून ठोकळे कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"ज्या घरात एक पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला अक्षरं-अंक शिकवायचे सोडून ठोकळे रचायला कशाला बसवता?" बालवाडी चालवणारे, देणगी देणारे आणि खुद्द आईवडीलही हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. हातात दोन-तीनच वर्षं असतात, ती वाया जाऊ नयेत ही त्यामागची काळजी.

ठोकळ्यांसारखी ठरावीक साधनं हाताळत मुलाने स्वतः शिकायचं, ही माँटेसरी पद्धत मुळात अशाच मुलांमध्ये उभी राहिली. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह जानेवारी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत उघडलं. ती महागड्या शाळांची ओळख झाली ते पुढे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात सरकारी माँटेसरी शाळांचे प्रवेश सोडतीने होतात. नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या १४१ मुलांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीला दोन्ही गट सारखे होते. बालवाडी संपताना माँटेसरीतली मुलं अभ्यासात पुढे होती, आणि कमी व बऱ्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांमधलं अंतरही तिथे घटलेलं होतं.

अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यातल्या पेरी बालवाडी प्रकल्पाचा दाखला मात्र जपून द्यावा. तिथे १९६२ पासून १२३ गरीब मुलांचा माग ठेवला गेला; काही बालवाडीत गेली, काही नाही. बालवाडीत गेलेल्यांचा वाढलेला बुद्ध्यंक काही वर्षांत इतरांच्या पातळीवर आला, पण चाळिशीत पाहिलं तर त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं होतं, इतरांमध्ये ६० टक्क्यांनी. एवढ्यावरून चांगली बालवाडी असणं नसण्यापेक्षा बरं, हे ठरतं; अमुक पद्धत तमुकपेक्षा सरस, हे ठरत नाही. वर्षाअखेरच्या चाचणीवर निकाल लावू नये, हेही त्यातून कळतं.

नाव माँटेसरीचं आणि वर्ग नेहमीचाच, असं झालं की फायदा गळतो. साधनांच्या जोडीला कामाच्या वह्या आणि बाजारू खेळणी मिसळलेले वर्ग अस्सल वर्गांच्या मागे पडलेले अभ्यासात दिसले आहेत. सगळ्यात आधी बळी जातो तो सलग वेळ. तीन तास न तोडता मिळायला हवेत, पण मध्येच प्रार्थना, खाऊ, गाणी येतात आणि मूल कामात रमू लागतं तेव्हाच उठवलं जातं. प्रत्येक साधन एकच ठेवतात, कारण थांबणं आणि पाळी येणं हाही अभ्यास आहे. दाते प्रेमाने दहा-दहा संच पाठवतात आणि तो अभ्यास जातो. दट्ट्यांचा ठोकळा हे असंच एक लाकडी साधन; त्यात वेगवेगळ्या मापांचे दहा दंडगोल आणि दहाच खळगे असतात. चुकीच्या खळग्यात बसवला की शेवटी एक उरतो. चूक मुलाला आपली आपण दिसते, म्हणून ताईंनी तिथे बोट दाखवायचं नाही.

घरी ज्याच्या वाट्याला मुख्यतः हुकूमच येतात, त्या मुलाला सगळ्यात जास्त उणीव असते ती बोलण्याची. त्यासाठी तीन पायऱ्यांचा पाठ. "हे खरखरीत, हे गुळगुळीत." मग "खरखरीत मला दे. आता ते खिडकीत ठेव." शेवटी "हे कसं आहे?" मधली पायरी सर्वात लांबवायची. ताई घाईने थेट तिसरीवर उडी घेतात, मूल चुकतं आणि गप्प होतं. दुसऱ्या पायरीवर चुकलं तर दुरुस्त न करता पाठ थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी पहिलीपासून घ्यावा.

पेरी प्रकल्पातून वाढलेल्या हायस्कोप पद्धतीत मूल आधी बेत सांगतं, मग काम करतं, मग काय केलं ते सांगतं. बेताला दहा-पंधरा मिनिटं, कामाला पाऊण ते एक तास, सांगण्याला पुन्हा दहा-पंधरा. "कुठे खेळणार?" "ठोकळे." इथेच संवाद संपला तर ती नुसती हजेरी. कशाने, कोणाबरोबर, आधी काय, हे विचारावं. सुरुवातीचे काही आठवडे मूल नुसतं बोट दाखवेल. तेव्हा पूर्ण वाक्य ताईंनी बोलायचं.

आणि अक्षरं? ती असतातच. खरकागदी (सँडपेपरच्या) अक्षरांवर बोट फिरवत, नाव नव्हे तर उच्चार ऐकत. पेन्सिल त्यानंतर.

आईवडिलांना वहीतली पानं हवी असतात, आणि ते स्वाभाविक आहे. त्यांना अर्धा तास वर्गात कोपऱ्यात बसू द्यावं. नोंदवहीत तीन गोष्टी रोज लिहिलेल्या असाव्यात: मूल स्वतः निवडलेल्या कामात किती मिनिटं टिकलं, बिघडल्यावर पुन्हा हात घातला का, आणि सांगताना त्याचं सर्वात लांब वाक्य कोणतं होतं.